उन्हात घातलेली गाणी

गेल्या मंगळवारी मासिकांचं लाकडी कपाट एका ओढीत उघडलं. जूनपासून त्याचं दार फुगून बसलं होतं. उघडायचं म्हटलं की शेवंता वरच्या कोपऱ्याला खांदा लावायची आणि मी कडी धरून मागे झुकायची. दार हलकं झालं की पाऊस गेला असं आम्ही धरतो; हवामान खात्याचं म्हणणं नंतर पेपरात वाचायला मिळतं. बाहेर भात पिवळं पडत आलेलं असतं. वाड्यावाड्यावरची मुलं दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यासाठी रद्दी मागत फिरतात, आमच्या दारातही येतात, आणि शेवंता त्यांना "हांगा रद्दी ना, पेपर आसात" असं सांगून परत पाठवते. सकाळी दहानंतर गच्चीच्या लादीवर अनवाणी उभं राहवत नाही. म्हणजे पुस्तकांना ऊन दाखवायचे दिवस आले.

पेडणे तालुक्यातलं आमचं वाचनालय. मी तिथे ग्रंथपाल आहे आणि शेवंता मदतनीस. दोघी मिळून पंचवीसहून जास्त पावसाळे या इमारतीत काढलेत. समुद्र जवळ, नदी त्याहून जवळ. आषाढात भिंतीला हात लावला तर हाताला पाणी लागतं, आणि चवथीच्या सुमाराला पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी पूड धरते. ती फडक्याने पुसली तर पसरते, म्हणून आम्ही वाट बघतो. अश्विनात चार चांगली उन्हं पडली की गच्चीवर चटया अंथरायच्या, पुस्तकं अर्धी उघडून पंख्यासारखी उभी करायची, तासाभराने फिरवायची, मऊ ब्रशने झाडायची आणि टाकीची सावली सरकेल तशी सावलीत ओढायची. भाजायचं नाही, नुसती ओल घालवायची. खाली आणल्यावर कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायच्या. हे मला माझ्या आधीच्या ग्रंथपाल बाईंनी शिकवलं, त्यांना कुणी शिकवलं ठाऊक नाही. ऊन खाल्लेल्या पुस्तकाला पहिले दोन दिवस एक वास येतो, उकड्या तांदळाच्या पोत्यासारखा. माझ्या साड्यांनाही तो येतो आणि घरी कुणाला आवडत नाही.

आता आमच्याकडे हवेतली ओल ओढणारं यंत्र आहे. दिवसाला बादलीभर पाणी काढतं, ते शेवंता तुळशीला घालते. स्कॅनर आहे. जुन्या मासिकांची पानं त्याच्यावरून जातात, त्यांच्या फाइली होतात, त्या फाइली तीन हार्ड डिस्कांवर ठेवल्या जातात. एक डिस्क वाचनालयात असते, एक डिचोलीच्या एका वाचनालयात आणि एक माझ्या घरी, गोदरेजच्या कपाटात, सोन्याच्या खालच्या कप्प्यात. दर अश्विनात तिन्ही एकत्र आणून तपासायच्या, फाइली उघडतात का पाहायचं, जुनी डिस्क कुरकुर करत असेल तर नव्यावर उतरवून घ्यायचं. गच्चीवर पुस्तकं आणि खाली डिस्का, असे दोन वाळवणांचे दिवस एकदमच येतात. पुस्तकाकडे दुर्लक्ष झालं तर ते पिवळं पडतं, कसर लागते, पण वीस वर्षांनी धूळ झटकून वाचता येतं. फाइलीचं तसं नसतं. माझ्या टेबलाच्या खणात फ्लॉपींचा एक डबा आहे. आमची पुस्तकांची यादी पहिल्यांदा संगणकावर घातली तेव्हाच्या त्या. ती यादी आता जगातल्या कुठल्याही माणसाला मी उघडून दाखवू शकत नाही. तिच्या आधीची, शाईने लिहिलेली दाखलनोंदीची जाड वही मात्र कपाटावर पडून आहे आणि कधीही उघडते.

संग्रहाचं रूपही बदललं. कादंबऱ्या नेणाऱ्या बायका फोनवर ऐकतात. वाचन-खोलीत दिवसभर स्पर्धा परीक्षांची मुलंमुली बसतात; त्यांना आमच्या पुस्तकांपेक्षा आमचा पंखा आणि वायफाय लागतो, आणि त्यात काही वाईट नाही. मांद्र्या-मोरजीची गेस्टहाउसवाली मंडळी पाहुण्यांनी मागे टाकलेली पुस्तकं पोतं भरून आणून देतात. रशियन असतात, जर्मन असतात. एकाने तर पाककृतींचं रशियन पुस्तक आणून वर सांगितलं, "बाई, चित्रं आसात मगे." ठेवलं. जागा करायची म्हणून दुसरं काय काढायचं हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि दर वर्षी मी तो न घाबरता सोडवते. काढण्याची मला भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती जपण्याची.

त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वीचा एक अश्विन.

त्या वर्षी पाऊस नवरात्रापर्यंत रेंगाळला. वीज दिवसाआड जायची. ऑगस्टमध्येच मी आवाजाचं कपाट उघडलं तेव्हा कॅसेटच्या खिडकीतून आतल्या पट्टीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली. आवाजाचं कपाट म्हणजे एक लोखंडी कपाट. माझ्या आधीच्या बाई टेपरेकॉर्डर खांद्याला लावून गावोगाव फिरायच्या. कुणी आजी ओव्या म्हणते, कुणी देवाला गाऱ्हाणं घालतो, जे मिळेल ते भरून आणायच्या. त्यात पाच कॅसेटी होत्या चोपड्याच्या पलीकडच्या एका वाड्यावरच्या धालोंच्या.

धालो म्हणजे आमच्या भागातल्या बायकांची पौषातली गाणी. वाड्यावर, म्हणजे गावातल्या एकेका वस्तीवर, एक ठरलेलं अंगण असतं, त्याला मांड म्हणतात. तिथे दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, कमरेला हात घालून पुढे-मागे झुलत गातात, पाच रात्री, कुठे सात रात्री. बाकीची गाणी सगळ्यांना येतात. पण पहिल्या रात्री मांड उघडताना जी बोलावणी होतात ती फक्त मांडाच्या मुख्य बाईला येतात. धरतरी, गावचा देव, वाड्याचा राखणदार, विहीर, असं एकेकाला नावाने बोलवायचं. प्रत्येक वाड्याची नावं आणि त्यांचा क्रम वेगळा. एक राहिलं तर मांड उघडत नाही. उघडला तर दोष लागतो, असं म्हणतात. त्या वाड्याची मुख्य बाई होती रुक्मिण, आणि पाचांतल्या पहिल्या कॅसेटमध्ये रुक्मिणीची बोलावणी होती.

मधल्या काळात सीडी आल्या. सीडी कायमची टिकते असं तेव्हा सगळेच म्हणत होते. आम्ही कॅसेटींच्या सीडी करून घेतल्या आणि त्याच कपाटात, कॅसेटींच्याच शेजारी ठेवल्या. दोन प्रती आहेत म्हणून निर्धास्त राहिलो. एका कपाटातल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत, हे मी आज वाचनालयात काम शिकायला येणाऱ्या नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते.

तर बुरशी. पुस्तकाला बुरशी लागली की ऊन, हे हाताला इतकं बसलेलं होतं की त्यात विचार करायला जागाच नव्हती. अश्विनात ऊन पडलं. पुस्तकं वर गेली. शेवंता कॅसेटींचा पत्र्याचा ट्रे हातात घेऊन जिन्याशी थांबली.

"बाई, ह्यो पण व्हरूं वयर?"

मी मासिकांच्या गठ्ठ्यांत होते. मान वर न करता म्हटलं, "बुरशी त्यांनाही लागलीय ना? मग ने. सीड्या पण ने."

ती दोन क्षण तिथेच होती. तिला काहीतरी वाटलं असणार. मी विचारलं नाही, आणि ती बोलली नाही. उन्हाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असायचा. तीन दिवस सगळं वर होतं. सीडींचं चमकतं अंग आम्ही मुद्दाम वर ठेवलं, कारण बुरशीचे ठिपके त्याच बाजूला होते. मोरजीच्या वाळूत बांगडे सुकत घालतात तशा त्या गच्चीवर चकाकत होत्या. कावळेसुद्धा एक फेरी मारून गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं खाली आणलं, वेखंड घातलं, कपाट लावलं. काम नीट झाल्याचं समाधान होतं. तेही नोंदवून ठेवते.

दिवाळी झाल्यावर सुलभा आली. रुक्मिणीची मुलगी, त्याच वाड्यावर दिलेली, साठीच्या आसपासची, कोरगावच्या शाळेत पोषण आहार शिजवायची, त्या वर्षीच थांबली होती. रुक्मिण आजारी पडल्यापासून त्यांच्या वाड्याचा मांड बंद होता आणि ती गेल्यावरही बंदच राहिला होता. वाड्यावर दोन-तीन वाईट गोष्टी झाल्या. एक तरुण सून गेली, एक घर पडलं. बायकांनी ठरवलं की या पौषात मांड उघडायचा. मुख्य बाई म्हणून सुलभाला पुढे केलं. सुलभाने होकार दिला तो आमच्या कपाटाच्या भरवशावर.

"बाय, आयेच्यो कॅसेटी ऐकूंक मेळतल्यो मगे?" तिने विचारलं. "पौषांत मांड उघडूचो आसा."

मी म्हटलं, मिळतील की, त्यासाठीच तर ठेवल्यात. आणि कपाट उघडलं.

पाचही कॅसेटींची कवचं वाकली होती. पत्र्याचा ट्रे तव्यासारखा तापला असणार. पहिली कॅसेट ट्रेच्या कडेला टेकून होती. ती मधोमध खोलगट झाली होती, एखाद्या पावाच्या उंड्यावर कुणी बसावं तशी. मी सीडी काढून संगणकात घातली. यंत्र फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. काही आलं नाही. दुसरी घातली. सुलभा खुर्चीच्या टोकावर बसून माझ्या हातांकडे बघत होती. मग मी तिला काय झालं ते सांगितलं. आढेवेढे घेऊन सांगणं मला येत नाही.

तिने पिशवी उचलली. उठताना म्हणाली, "आमी कोकमाचीं सोलां सुकवतांव, तुमी गाणीं सुकवलात." आणि पायऱ्या उतरून गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारात भाव ऐकून परत फिरणाऱ्या बाईचा आवाज होता तो.

डिचोलीच्या बाजारात मारुती मेस्त्री म्हणून एक रेडिओ-टेप दुरुस्त करणारे आहेत. मूळ चंदगडकडचे, खाणीवर कामाला आले होते, खाण थांबली तशी हातातली कला घेऊन बाजारात बसले. टेपरेकॉर्डर आता कोण दुरुस्त करतं? तरी त्यांच्याकडे गिऱ्हाइकं आहेत. लग्नांच्या कॅसेटी घेऊन माणसं येतात म्हणे. मी दुसऱ्याच दिवशी बसने गेले. त्यांनी पाचही कॅसेटी उजेडाला धरून पाहिल्या.

"बाई, कवच गेलंय. पट्टी जित्ती हाय," ते म्हणाले. मग पहिली उचलून, "ही तेवढी लई ताणलीया. कुणी उन्हात ठिवल्या वो?"

"मी."

"बरं," म्हणाले, आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागले.

पुढचे आठ दिवस त्यांनी जे काम केलं त्याला माझ्या शब्दकोशात जपणूक म्हणतात. जुन्या सिनेमागाण्यांच्या कॅसेटी फोडून त्यांची कवचं मोकळी केली. आमच्या पट्ट्या कापसाने, एकेक वीत पुसत, नव्या कवचांत गुंडाळल्या. चार कॅसेटी वाजल्या. थोड्या खरखरल्या, पण वाजल्या. पहिलीत रुक्मिण स्पष्ट सुरू झाली. धरतरी आली, गावचा देव आला, राखणदार आला, विहीर आली. त्याच्यापुढे पट्टी ताणलेली होती. आवाज खाली गेला, घरंगळला, खोल पाण्यातून कुणी घुमावं तसं झालं, आणि वर आला तेव्हा रुक्मिण पुढच्या नावावर पोचली होती. मध्ये एक बोलावणं गेलं होतं. एकच.

व्यवस्थापक मंडळाची बैठक त्याच आठवड्यात होती. आमचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर, भला माणूस. ते म्हणाले, नोंदवहीत "हवामानामुळे खराब" असं घाला, खोटं तर नाही, ऊन म्हणजे हवामानच. दोघे-तिघे हसले. मला सांभाळून घ्यायला म्हणत होते हे मला कळत होतं. मी नोंद आधीच केली होती. "ग्रंथपालाच्या सूचनेवरून तीन दिवस उन्हात ठेवल्याने खराब. सीडी-प्रती त्याच कारणाने नष्ट." ती मी वाचून दाखवली. अध्यक्षांनी चहा मागवला आणि पुढचा विषय घेतला.

वस्तूला काय झालं हे लिहून ठेवणं हा आमच्या धंद्याचा अर्धा भाग आहे. फाटलेल्या पानावर आम्ही "पान फाटलेले" लिहितो, म्हणजे पुढच्या वाचकाला ते पान लेखकानेच लिहिलं नाही असं वाटू नये. संगणकात आल्यावर हे काम वाढलं. फाइल बाहेरून नेहमी धडधाकट दिसते. तिला कोपरे दुमडत नाहीत, डाग पडत नाहीत. आत काय गेलंय ते कुणी लिहिलं नाही तर कुणालाच कळणार नाही.

मेस्त्रींनी वाजवलेल्या पट्ट्या आम्ही संगणकात उतरवून घेतल्या आणि मी सुलभाला निरोप पाठवला. ती एकटी आली नाही. वाड्यावरच्या सहा-सात बायका रिक्षा करून आल्या. मी परीक्षावाल्या मुलांना दुपारपुरतं बाहेर बसवलं आणि स्पीकर लावला. रुक्मिणीचा आवाज खोलीत आला तेव्हा एक-दोघींनी पदर डोक्यावर घेतला. कुणी रडलं नाही. सुलभा ओठ हलवत होती, आईच्या अर्धा क्षण मागे. ते घरंगळणारं ठिकाण आलं आणि गेलं. तिने हाताने खूण केली. मी पुन्हा लावलं. पाच-सहा वेळा लावलं.

"ही झरीवयली," एक म्हातारी म्हणाली.

"झरीवयली ती आमच्या वाड्यार खंय गो?" दुसरी म्हणाली. "ही शिमेवयली. आपणें कानान आयकलां."

दोघींनी कानाने ऐकलेलं होतं, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या रांगेत उभं राहून. झऱ्यावरची देवी की शिवेवरची, यावर त्या दोघी आमच्या वाचन-खोलीत, "शांतता राखा" या पाटीखाली, अर्धा तास भांडल्या. एकीने दुसरीच्या माहेरचं काढलं. सुलभा मध्ये पडली नाही. जाताना मला म्हणाली, बघा काही होतं का.

मी फाइल म्हापशाच्या एका स्टुडिओत नेली. तिथल्या माणसाने खरखर काढली, आवाज सरळ केला. बोलावण्याची जागा आणखी गुळगुळीत झाली आणि आणखी रिकामी. मी कानाला हेडफोन लावून वीस-पंचवीस वेळा ऐकलं असेल. झरी मनात धरून ऐकलं तर झरी ऐकू यायची. शीव मनात धरली तर शीव. मला स्वतःला झरी वाटत होती. आजही वाटते.

स्टुडिओतला माणूस मदत करायला उत्सुक होता. तो म्हणाला, मॅडम, एवढं कशाला? बाईंचा चार कॅसेटींचा आवाज आहे, आता संगणक तिच्याच आवाजात ते नाव म्हणून दाखवेल, जोड कळणारही नाही. नाव तेवढं सांगा. त्याने मला दुसऱ्या कुणाचा नमुना ऐकवला. खरोखरच कळत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये, कोलवाळचा पूल येईपर्यंत, मी ते करायचं ठरवलं होतं. हे लिहायला मला बरं वाटत नाही. माझी चूक होती, ती भरून निघत होती. मांड उघडला असता, सुलभाचा शब्द वाड्यावर राहिला असता. पुलावर बस अडकली. मी पिशवीतून कागद काढून त्या फाइलीची नोंद कशी लिहायची ते पाहू लागले. "गायिका: रुक्मिण" असं लिहून पुढे काय लिहायचं ते सुचेना. पेडण्याला उतरेपर्यंत सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुलभा आली, एकटी. मी तिला साफ केलेली फाइल ऐकवली. स्टुडिओवाल्याने काय देऊ केलं तेही सांगितलं, कारण ते लपवणं म्हणजे तिच्या वतीने ठरवणं. तिने ऐकून घेतलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"बाय, तुमी शिकलेली. तुमी इतके फावटीं आयकलां. तुमी सांगात तें नांव." तिने हेडफोन माझ्याकडे सरकवला. "झरीवयली म्हणात तर झरीवयली. कोण इचारूंक येना."

ती माझ्यावर उपकार करत होती. मी एक शब्द बोलले असते तर दोघी सुटलो असतो, आणि त्या भांडणाऱ्या म्हाताऱ्यांनाही वाचनालयाने सांगितलं म्हटल्यावर मान्य करावं लागलं असतं. पुढे पन्नास वर्षं त्या वाड्यावरच्या बायका मी बसमध्ये ठरवलेल्या देवीला बोलावत राहिल्या असत्या.

"सुलभा, मला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"बारीक आयकात," ती म्हणाली.

"ऐकलं. नाही येत."

ती उठली. या वेळी टोमणाही मारला नाही. दारात चपला घालताना तिला तोल सावरायला भिंत धरावी लागली, आणि मी उठून हात दिला नाही, कारण तो तिने घेतला नसता. पंधरा दिवसांवर पौष होता.

त्या दिवसांत मी पुष्कळ कामं उरकली. सगळ्या सीडींची यादी केली, उघडणाऱ्या वेगळ्या, न उघडणाऱ्या वेगळ्या. डिचोलीच्या वाचनालयाशी पत्रव्यवहार करून त्यांच्याकडे एक डिस्क आणि आपल्याकडे त्यांची एक, असं ठरवलं. कपाटाच्या दारावर चिकटवायला सूचना लिहिली: "यातील कोणतीही वस्तू उन्हात ठेवू नये." शेवंता ती चिकटवताना म्हणाली, "मी त्या दिसा थांबलंय, बाई." मी म्हटलं, मला ठाऊक आहे, पुढच्या वेळी ओरड. तिने मान हलवली. आम्ही त्या विषयावर एवढंच बोललो.

मांड उघडल्याचं मला शेवंताकडूनच कळलं. तिची नणंद त्या वाड्यावर दिलीय. कसा उघडला ते तिला माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. मला बोलावणं आलं नाही, आणि मी अपेक्षाही केली नव्हती.

पौष संपायला दोन दिवस असताना, दुपारी, वाड्यावरच्या त्या बायका आल्या. या वेळी पंधरा-सोळा जणी, सुना आणि शाळेतल्या मुली धरून. सुलभा म्हणाली, मांडावर यंत्र चालत नाही, पण पौष आहे तोवर इथे म्हणून देतो, भरून घ्या. आणि अट घातली: तीन प्रती, तीन ठिकाणी. एक इथे, एक तिच्या घरी, एक मांद्र्याच्या नणंदेकडे. "एका कपाटांत नाका," ती म्हणाली. फाइल वेबसाइटवर घालायची नाही, ज्याला ऐकायचंय त्याने इथे येऊन, मांडाच्या बायकांना विचारून ऐकायचं, हेही ठरलं.

टेबलं भिंतीला सरकवली. दोन रांगा झाल्या. मी हेडफोन लावून पातळी बघत बसले. सुलभाने सुरू केलं. आईचाच पल्ला, आवाज थोडा जाड. धरतरी, गावचा देव, राखणदार, विहीर. मी नकळत पुढे झुकले. सुलभा थांबली नाही, आवाज खाली घेतला नाही.

"जिचें नांव रावलें, तूं पण ये गो माये."

समोरच्या रांगेने तीच ओळ उचलली आणि परत केली. झरीवाली म्हातारी आणि शिवेवाली म्हातारी एकमेकींच्या कमरेला हात घालून झुलत होत्या. मग पुढचं नाव आलं, रुक्मिणीच्या क्रमाने, आणि शेवटपर्यंत काही राहिलं नाही. लहान मुलींना मधली बरीच नावं येत नव्हती, त्या ओठ हलवून वेळ मारून नेत होत्या. ही ओळ मात्र त्यांनी सगळ्यांत मोठ्याने म्हटली. सोपी होती.

झाल्यावर मी नोंदीचा अर्ज भरायला घेतला. त्या ओळीपुढे "रचना" या रकान्यात सुलभाचं नाव घातलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि बोट ठेवलं. "माजें न्हय. मांडाचें." मी खोडून तसं लिहिलं. खाली शेऱ्यात मी काय लिहिलंय तेही तिने वाचलं. तिथे लिहिलं होतं की या ओळीच्या जागी मूळ एक नाव होतं, ते ग्रंथपालाच्या चुकीमुळे नष्ट झालं, झऱ्यावरची की शिवेवरची याबाबत गायिकांत दोन मतं आहेत, आणि ध्वनिफितीवरून निर्णय करता येत नाही. वाचून तिने कागद माझ्याकडे सरकवला. तिने मला माफ केलं की नाही हे मला आजपर्यंत माहीत नाही. आम्ही बाजारात भेटतो, माशांचे भाव बोलतो.

त्यानंतर पौष आले, गेले. ती ओळ बसली. आता कुणी तिथे अडखळत नाही.

कालच एक नवी मुलगी काउंटरवर आली. डिचोलीहून त्या वाड्यावर लग्न होऊन आलेली, दोन महिने झाले असतील. येत्या पौषात पहिल्यांदा रांगेत उभी राहणार म्हणून गाणी शिकतेय. मोकळी, विचारणारी मुलगी. म्हणाली, बोलावण्यांत एक देवी आहे तिचं नावच कुणी घेत नाही, आमच्या डिचोलीकडे अशी कुठली नाही. ती कोण, म्हणून सासूला विचारलं तर सासू म्हणाली सुलभाकाकीला विचार, आणि सुलभाकाकी म्हणाली, वाचनालयातल्या बाईंना विचार.

मी संगणकावर ती नोंद उघडली आणि पडदा तिच्याकडे वळवला.